“मागं किती?” : महाराष्ट्राच्या खासदारांना एका जुन्या गोलंदाजाचं खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून लोकसभेत गेलेले ४८ आणि राज्यसभेतले १९ सन्माननीय सदस्य

खासदार महोदय, महोदया,
सप्रेम नमस्कार.

मी गोलंदाज होतो असं म्हटलं की आमच्या गावातली पोरं विचारतात, “काका, फास्ट की स्पिन?” पेशवाईत गोलंदाज म्हणजे तोफ डागणारा. तो शब्द पुढे क्रिकेटनं नेला, माझी हरकत नाही. तोफखान्यातून हवालदार म्हणून मी निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षं बोफोर्सवर गेली, १९९९ च्या उन्हाळ्यात द्रासच्या बाजूला होतो. आता सातारा जिल्ह्यात थोडा ऊस, दोन म्हशी आणि डाव्या कानात कायमची वाजणारी एक शिटी, एवढी इस्टेट आहे.

पेन्शन, ओआरओपी (वन रँक वन पेन्शन), कॅन्टीन यातलं काही मागायला हे पत्र नाही. त्यासाठी आमच्या संघटना आहेत आणि त्या आपल्याला पुरेसा त्रास देतात. मला आपल्याकडून एक प्रश्न विचारून हवा आहे. प्रश्न काय ते सांगतो, पण आधी तो माझ्या डोक्यात का घर करून बसलाय ते ऐका.

आमच्या गावाबाहेरच्या रस्त्यावर रोज पहाटे भरतीची पोरं पळतात. १६०० मीटर, साडेपाच मिनिटांच्या आत. मी मोबाइलवर टायमर लावून मैलाच्या दगडापाशी उभा असतो. २०२५ च्या मे महिन्यानंतरची गोष्ट. त्यातला एक पळून आला, गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत उभा राहिला आणि म्हणाला, “काका, आता सगळं ड्रोन आणि मिसाइलच करणार. आम्ही उगाच कशाला पळायचं?”

पोराचं चुकलं नव्हतं. त्यानं ऑपरेशन सिंदूर टीव्हीवर पाहिलं होतं. ७ मेच्या पहाटे नऊ ठिकाणी मारा, मग ड्रोनचे थवे, एस-४००, ब्रह्मोस, आणि १० मेच्या संध्याकाळी सगळं शांत. ८८ तासांचा कारभार. स्टुडिओत इतके भोंगे वाजत होते की शेवटी नागरी संरक्षण खात्याला वाहिन्यांना सांगावं लागलं, बाबांनो, कार्यक्रमात सायरन वाजवू नका, लोकांना खऱ्या-खोट्यातला फरक कळेनासा होईल. तेव्हा युद्ध म्हणजे चार दिवस, बटणं आणि आकाशातला उजेड, असं त्या पोराला वाटलं तर दोष त्याचा नाही. मला काळजी याची आहे, की तसंच दिल्लीत बसलेल्या कुणाला वाटलं तर?

कारण त्याच्या आधीची पाच वर्षं कुणी टीव्हीवर दाखवली नाहीत. जून २०२० मध्ये गलवानला चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले २० जवान गेले, तेही बंदुकीची एक गोळी न सुटता. त्यानंतर हजारो माणसं, रणगाडे, तोफा लडाखमध्ये वर गेल्या त्या तिथेच राहिल्या. देपसांग आणि देमचोकचा तिढा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुटला. म्हणजे चार हिवाळे. उणे तीस-चाळीसमध्ये रोज रॉकेल, रेशन, बूट, बॅटऱ्या, दारूगोळा वर चढवायचा आणि समोरच्यानं पाऊल पुढे टाकू नये एवढ्यासाठी उभं राहायचं. सैन्याचं बहुतेक आयुष्य हे असं उभं राहण्यात जातं. सियाचीनवर १९८४ पासून हेच चाललंय. ड्रोन ठाणं उडवतो, पण ठाण्यावर जाऊन बसत नाही. बॅटरी उतरली की खाली येतो. ठाण्यावर जाऊन बसायला शेवटी हे पळणारं पोरगंच लागतं, आणि त्याच्या मागून तोफ लागते. तोफेला गोळा लागतो.

द्रासला आमच्या तोफेचा नंबर वन कोल्हापूरचा होता. तोफेवरच्या तुकडीचा जो प्रमुख, हवालदार, त्याला आम्ही नंबर वन म्हणतो. माणूस कमी बोलायचा. संध्याकाळी चहाचा मग घेऊन तो माझ्याकडे यायचा आणि दोनच शब्द विचारायचा. “मागं किती?”

म्हणजे मागे किती गोळे उरलेत, आणि वाटेत किती ट्रक आहेत.

बोफोर्सचा गोळा चाळीस-पंचेचाळीस किलोचा. सिमेंटच्या पोत्यापेक्षा जरा हलका म्हणा. पण पोत्याला धरायला कान असतात. हा गुळगुळीत आणि पहाटे इतका गार की हातमोज्यातून चावायचा. बोफोर्सला गोळे उचलायची क्रेन असते, तीन गोळे एकदम ट्रेवर चढतात. पण ट्रकमधून खड्ड्यात आणि खड्ड्यातून क्रेनपर्यंत तो येतो माणसाच्या छातीशी धरून. पहिल्या आठवड्यात तळहातांना फोड आले, दुसऱ्या आठवड्यात फुटले, पुढे काही वाटेनासं झालं. उंचीवर हवा विरळ, त्यामुळे गोळा मैदानातल्या हिशेबापेक्षा लांब जायचा. मैदानात पाठ केलेले आकडे तिथे फार कामाचे नव्हते. वर ओपीत, म्हणजे निरीक्षण चौकीत, बसलेला अधिकारी दुर्बिणीतून पाहून करेक्शन द्यायचा आणि ते जुळेपर्यंत काही गोळे जायचेच. ते फुकट गेले म्हणू नका. त्याच्याशिवाय पुढचा गोळा बरोबर पडत नाही.

टायगर हिलच्या रात्री, ३ ते ४ जुलै, आम्ही किती वेळ फायर करत होतो ते मला आठवत नाही. आकडा नंतर छापून आला: त्या एका दिवसात सुमारे ९,००० गोळे. अख्ख्या कारगिल लढाईत तोफा, मॉर्टर, रॉकेट लाँचर धरून ३०० च्या आसपास नळ्या आणि त्यांनी डागलेले अडीच लाख गोळे, बॉम्ब, रॉकेटं. रोजचे सरासरी पाच हजार. वर चढणारी १८ ग्रेनेडियर्सची पोरं कड्याला लटकलेली होती, आणि शत्रूनं डोकं वर काढू नये म्हणून आम्ही खालून डोंगर कुटत होतो. द्रासच्या पॉइंट ५१४० ला २०२२ मध्ये ‘गन हिल’ नाव दिलं, ते याच्यासाठी. बातमी वाचली त्या दिवशी मी म्हशींना वैरण टाकायची विसरलो, बायको दिवसभर बोलत होती.

आता महोदय, गंमत बघा. जगाच्या हिशेबानं कारगिल ही छोटी लढाई. एकाच भागातली, नियंत्रण रेषा न ओलांडता लढलेली, दोन-अडीच महिन्यांची. तरी तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल वेदप्रकाश मलिक यांना जाहीरपणे म्हणावं लागलं, की जे हाताशी आहे त्यावर आम्ही लढू. बाहेरून घाईघाईनं दारूगोळा, सामान मागवलं, आणि कॅगनं पुढे तपासलं तेव्हा दिसलं की त्यातला बराचसा माल लढाई थांबल्यावर पोचला होता. वरात गेल्यावर बँडवाले यावेत तसं.

बरं, हे झालं १९९९ चं. २०१७ मध्ये कॅगनं पुन्हा हिशेब काढला. सैन्याकडे कडाक्याच्या लढाईला ४० दिवस पुरेल एवढा साठा असावा असं ठरलेलं. तपासलेल्या १५२ प्रकारच्या दारूगोळ्यांपैकी ६१ प्रकार दहा दिवसांनाही पुरणार नाहीत असे निघाले. कारगिलला अठरा वर्षं झाली होती. मधल्या काळात सगळ्या रंगांची सरकारं येऊन गेली, म्हणून यात कुणा एका पक्षाला टाळी द्यायची किंवा शिवी घालायची सोय नाही. २०१६ मध्ये उरीच्या तळावर हल्ला झाला तेव्हापासून सुरू झालेल्या तातडीच्या खरेदीनं आणि नव्या कंत्राटांनी परिस्थिती पुष्कळ सुधारली असं आम्ही वाचतो. सुधारली असेलच. पण किती, हे विचारायचं काम कुणाचं? माझं नाही. मला कुणी सांगणार नाही आणि सांगूही नये.

साठ्याचा तुटवडा सगळ्यात आधी कुठे दिसतो सांगतो. लढाईत नाही, सरावात. माझ्या नोकरीतली काही वर्षं अशी गेली की रेंजवर वर्षाचा सराव निघायचा आणि गोळे मोजून मिळायचे. कोरडी ड्रिल शंभर वेळा, खरा गोळा दोन-चार. एक नवीन पोरगा, नाव सांगत नाही, वर्षभर वाट पाहून होता. त्याची पाळी आली आणि त्या दिवसाचा कोटा संपला. तो तोफेच्या ब्रीचवर, म्हणजे गोळा भरायच्या मागच्या तोंडावर, हात ठेवून उभा राहिला, लग्नातून न जेवता परतावं लागलेल्या माणसासारखा. आम्ही हसलो. आज हसू येत नाही, कारण कानठळ्या बसवणारा पहिला धक्का माणसानं शांततेत खाल्लेला असावा लागतो.

आमच्याकडची जुनी माणसं ‘बसऱ्याला गेला’ म्हणायची. म्हणजे पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेला आणि बहुधा आला नाही. तिथे कूत अल अमाराला अडकलेली ब्रिटिशांची फौज सहावी पुणे डिव्हिजन होती, तिच्यात मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. जवळजवळ पाच महिने. शत्रूला तटबंदी फोडता आली नाही, आतलं धान्य संपलं. आपल्या लोकांना घोड्याचं मांस चालेना, विमानातून पिठाची पोती टाकून पाहिली, ती पुरली नाहीत. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. (पानिपताचं नाव मी मुद्दाम घेत नाही. ते सगळेच घेतात, आणि भाऊसाहेबांच्या उपाशी फौजेचं सांगायला आपल्याकडे वक्ते कमी नाहीत.)

साठा असणं एक, साठा किती आहे ते ठाऊक असणं दुसरं. आपल्या जिल्ह्याचा माणूस संरक्षणमंत्री होता तेव्हाची गोष्ट. १९६२ च्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे वाक्य आम्ही शाळेत घोकलंय. त्यांनी डोंगरी डिव्हिजन उभ्या केल्या, पाच वर्षांची संरक्षण योजना आणली. तरीही सप्टेंबर १९६५ मध्ये, युद्ध थांबवायचं की पुढे न्यायचं असा प्रश्न पडला तेव्हा पंतप्रधान शास्त्रीजींनी सेनाप्रमुख जनरल चौधुरींना विचारलं, आणि उत्तर मिळालं की आघाडीचा बहुतेक दारूगोळा वापरून झालाय. पुढे मोजदाद झाली तेव्हा कळलं, जेमतेम १४ टक्के वापरला होता. माल कोठारात होता, हिशेब वहीत नव्हता. युद्ध तेव्हा थांबवलं ते बरोबर की चूक यावर मी बोलणार नाही, माझी तेवढी पायरी नाही. पण आमचा नंबर वन तिथे असता तर त्यानं चहाचा मग खाली ठेवला असता.

आता युक्रेन. आपल्यापैकी अनेकांना तो दूरचा विषय वाटेल. मला वाटत नाही, कारण तिथे गेली कित्येक वर्षं माझाच धंदा चाललाय. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशिया आत घुसला तेव्हा पुष्कळ जाणकार म्हणत होते, काही दिवसांत कीव्ह पडेल. त्या उन्हाळ्यात पूर्व युक्रेनच्या डोनबासमध्ये रशियन तोफा दिवसाला वीस हजारांहून जास्त गोळे टाकत होत्या. कारगिलच्या आमच्या अडीच लाखांचा हिशेब तिथे दोन आठवड्यांत संपतो. अमेरिकेचा कारखाना युद्धाआधी महिन्याला चौदा हजारांच्या घरात १५५ मिलिमीटरचे गोळे करत होता. सगळ्यात श्रीमंत देश, आणि महिन्याचं उत्पादन रशियाच्या एका दिवसाच्या खर्चापेक्षा कमी! युरोपीय संघानं मार्च २०२४ पर्यंत दहा लाख गोळे द्यायचं कबूल केलं, मुदतीत निम्मे जमले. पैसे होते, इच्छा होती, पण कारखाने तीस वर्षं झोपलेले. नाटोच्या एका ॲडमिरलनं २०२३ मध्ये सांगितलं की दोन हजार युरोचा गोळा आठ हजारांवर गेला. मोठा दारूगोळा मागवला तर यायला पूर्वी बारा महिने लागत, ते अठ्ठावीस झाले, हे नाटोच्या सरचिटणीसांचे शब्द.

आणि यातला एक भाग खास आपल्यासाठी. २०२३ च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या संसदेत युक्रेनच्या मदतीचं विधेयक महिनोन्‌महिने अडकलं. आघाडीवर गोळ्यांचं रेशनिंग सुरू झालं. १७ फेब्रुवारी २०२४ ला युक्रेनचं अवदिइवका शहर पडलं. विधेयक एप्रिलमध्ये मंजूर झालं. सभागृहात तहकूब झालेला एकेक दिवस आघाडीवरच्या तोफेपर्यंत कसा पोचतो, ते यापेक्षा स्पष्ट मला दाखवता येणार नाही.

ड्रोनबद्दल मी जुनाट माणसासारखं बोलतोय असं वाटेल. तसं नाही. तिथे आज माणसं जास्त मरतायत ती ड्रोननं, रस्त्यांवर मासे धरायच्या जाळ्यांसारख्या जाळ्या ताणून गाड्या चालवाव्या लागतात, आता तर फायबरच्या तारेनं बांधलेले ड्रोन आलेत, त्यांना सिग्नल तोडून अडवताच येत नाही. माझ्या वेळची गन पोझिशन आज अर्ध्या तासात सापडली असती. तोफ डागायची आणि जागा सोडायची, हे आता नवं शास्त्र आहे. पण या ड्रोननं गोळ्याची गरज कमी केली नाही. उलट ड्रोननंही गोळ्याचीच सवय घेतली. तेही आता हजारांनी, लाखांनी लागतात. म्हणजे त्यांनाही कारखाना, कोठार, ट्रक. नंबर वनचा प्रश्न तसाच.

या सगळ्यात महाराष्ट्राचा काय संबंध, असं कुणी विचारलं तर मी त्याला नकाशा दाखवीन. गोळ्याचं पोलादी कवच नागपूरच्या अंबाझरीला घडतं. तोफेची दारू, म्हणजे गोळा ढकलणारी, भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला होते. गोळा भरला जातो चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला, चांद्याच्या कारखान्यात. ठेवला जातो पुलगावला, देशातल्या सगळ्यात मोठ्या दारूगोळा कोठारात. आणि तो डागायला शिकवतात देवळालीला. खडकीचा कारखाना तर १८६९ चा. वरणगाव, भुसावळ, देहूरोड, अंबरनाथ वेगळे. पिनाका रॉकेट आणि नवी ॲटॅग्ज तोफ यांचा आराखडा पुण्याच्या पाषाणला झाला. मी पंजाबात, काश्मिरात, राजस्थानात तोफेवर उभा राहिलो आणि गोळ्यावरचा लॉट नंबर, साल वाचताना मनात म्हणायचो, हा आपल्या गाववाल्यांनीच भरलाय. त्यांचं नाव त्यावर नसतं.

२४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरच्या कारखान्यात स्फोट झाला, आठ कामगार गेले. ३१ मे २०१६ ला पुलगावच्या कोठारात टँकविरोधी सुरुंगांची शेड पेटली. दोन अधिकारी आणि आग विझवायला आत धावलेले जवान गेले, आजूबाजूची गावं मध्यरात्री रिकामी झाली. आम्हाला निदान शहीद म्हणतात. चौकात फ्लेक्स लागतो, नेते येतात, सलामी मिळते. भंडाऱ्याच्या कामगाराला लोक ‘अपघातात गेला’ म्हणतात. मी दोन्ही बाजूंनी गोळा हाताळलेला माणूस नाही, फक्त एका बाजूनं. पण सांगतो, भरणाऱ्याचा धोका डागणाऱ्यापेक्षा कमी नसतो. आणि लढाई लागली की पहिला हुकूम यांनाच येतो: तिप्पट पाळ्या, दुप्पट माल. शांततेत जिथे जुनी यंत्रं, कंत्राटी माणसं आणि अर्ध्या जागा रिकाम्या असतील, तिथे त्या हुकमाचं काय होईल, याचा विचार करायला तज्ज्ञ लागत नाही.

१ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात कंपन्या केल्या. दारूगोळ्याच्या कंपनीचं मुख्यालय पुण्यात आहे. कामगार संघटनांचा विरोध होता, सरकार म्हणतं काम सुधारलं. मला कंपनी की मंडळ याच्याशी घेणं नाही. खासगी कारखाने आले, नागपुरात आले, त्याचंही स्वागत. २०२४-२५ मध्ये देशातून २३,६२२ कोटींची संरक्षण सामग्री निर्यात झाली, यावर काही मित्र नाक मुरडतात, की आपल्याला पुरत नाही आणि बाहेर विकतात. माझं मत उलटं आहे. गिऱ्हाईक असलं की भट्टी पेटलेली राहते. विझलेली भट्टी पेटवायला युरोपला दोन वर्षं लागली. पण कागदावर हे तरी लिहिलेलं असावं, की आणीबाणीत परदेशी ऑर्डर बाजूला ठेवून घरचा माल आधी निघेल, आणि कच्चा माल आयात होणार असेल तर तो कुठून, समुद्र अडला तर काय.

बोफोर्सचं नाव घेतल्यावाचून तोफखान्याचं पत्र पुरं होत नाही. १९८६ मध्ये ४१० तोफांचा करार, १९८७ मध्ये स्वीडिश रेडिओची बातमी, आणि पुढचं राजकारण आपल्यातल्या ज्येष्ठांनी जवळून पाहिलंय. दलालीची चौकशी व्हायलाच हवी होती. पण त्या चौकशीच्या धाकानं तीस वर्षं एकाही सरकारनं नवी मोठी तोफ घेण्याची हिंमत केली नाही. तंत्रज्ञानाची कागदपत्रं करारातच मिळाली होती, ती कपाटात पडून राहिली. कित्येक वर्षांनी त्यांच्यावरून जबलपूरला धनुष तोफ झाली. ९ नोव्हेंबर २०१८ ला देवळालीत के-नाइन वज्र आणि एम-७७७ सैन्यात आल्या तेव्हा मी निवृत्त होऊन बसलो होतो. टीव्हीवर पाहिलं, आणि खरं सांगतो, हेवा वाटला. मार्च २०२५ मध्ये ३०७ ॲटॅग्ज तोफांचा करार झाला, त्यातल्या साठ टक्के पुण्याच्या भारत फोर्जकडून येणार. चांगलंच आहे. पण तोफांच्या करारावर फोटो निघतात, गोळ्यांच्या साठ्यावर निघत नाहीत. रिकामी तोफ परेडला शोभते.

अग्निवीरांबद्दलही लोक मला विचारतात. एवढंच म्हणेन: तोफेवर सहा-सात माणसांची एक घडी बसलेली असते, एकाच्या श्वासावरून दुसऱ्याला कळतं. त्यातला नंबर वन व्हायला दहा-बारा वर्षं लागतात. चार वर्षांनी चारातला एक ठेवायचा आणि तिघं घरी पाठवायचे, या हिशेबात नंबर वन कुठून निघणार, याचं उत्तर मला अजून कुणी नीट दिलेलं नाही. गोळ्यांसारखीच माणसंही घाईत बनत नाहीत. हा विषय मोठा आहे, त्याचं पत्र वेगळं.

आता माझं मागणं.

२०२५-२६ चं संरक्षणाचं बजेट ६.८१ लाख कोटींचं होतं. एवढ्या रकमेवर सभागृहात किती चर्चा होते हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. वर्षामागून वर्षं बहुतेक खात्यांच्या मागण्या शेवटच्या संध्याकाळी एकगठ्ठा मतदानाला टाकतात आणि ‘गिलोटिन’ म्हणून त्या मंजूर होतात. उसाच्या एफआरपीवर आपण सभागृह डोक्यावर घेता, कांद्यावर घेता, घ्यायलाच हवं, मी स्वतः ऊसवाला आहे. तसा एक दिवस या मागण्यांसाठी मागून घ्या. पक्षाचा व्हिप आड येणार नाही, प्रश्न विचारायला व्हिप लागत नाही.

आणि आपल्यापैकी जे कुणी संरक्षणाच्या स्थायी समितीवर असतील किंवा उद्या जातील, त्यांनी बंद दाराआड, फोन बाहेर ठेवून, अधिकाऱ्यांना विचारावं: मोठ्या तोफेचे गोळे, रॉकेटं, रणगाड्याचा दारूगोळा, हवाई संरक्षणाची क्षेपणास्त्रं, ड्रोन, एकेक प्रकार घेऊन, दोन्ही सीमांवर एकदम पेटलं तर किती दिवस. सरासरी सांगू देऊ नका. सरासरीत रायफलच्या गोळ्या तोफेच्या गोळ्यांचं पाप झाकतात. मग विचारा, कारखान्यांनी दुप्पट माल द्यायला किती आठवडे लागतील आणि तशी रंगीत तालीम कधी झाली होती का. आणि भंडारा, चांदा, अंबाझरी, पुलगाव, खडकी, देहूरोड ज्यांच्या मतदारसंघांत किंवा शेजारी आहेत त्यांनी एकदा गेटवर पाळी सुटायच्या वेळी उभं राहावं. हार-तुरे नकोत. कामगारांना विचारा, शेवटचं नवं यंत्र कधी आलं, आणि आग लागली तर पळायचा रस्ता मोकळा असतो का. ते सांगतील.

युद्ध व्हावं अशी माझी इच्छा आहे असं कुणी समजू नये. द्रासहून परतल्यावर कित्येक महिने लग्नातला सुतळी बॉम्ब वाजला की मी भिंतीला टेकायचो. ज्यांना युद्धाची खुमखुमी आहे ते बहुतेक तोफेपासून लांब राहिलेले असतात.

त्या पहाटेच्या पोराला मी तेव्हा नीट उत्तर दिलं नव्हतं, नुसतं “पळ, अजून बारा सेकंद कमी व्हायला हवेत” एवढंच म्हणालो. तो आता पाच मिनिटं पस्तीसवर आलाय. पुढच्या भरतीत बहुधा लागेल, कुठल्या तरी तोफेवर किंवा कुठल्या तरी कड्यावर जाईल, आणि एखाद्या संध्याकाळी त्याचा नंबर वन त्यालाही तेच विचारील.

उत्तर गुप्त असेल, असायलाच हवं. मला सांगू नका. आपण विचारलंत, एवढं मात्र कळवा. पोस्टकार्डही चालेल.

आपला नम्र,
एक निवृत्त हवालदार, तोफखाना
जिल्हा सातारा